मसणवटा हा शब्द आला कुठून? जुन्या शब्दाचं मूळ स्वतः शोधायची पद्धत

आमच्या आजीच्या तोंडात "गेलं मसणात" हे दिवसातून चारदा तरी यायचं, दूध उतू गेलं की मसणात, शेळी दुसऱ्याच्या रानात शिरली की मसणात, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की मसण ही नुसती शिवी आहे. मग ओढ्याच्या पलीकडं बाभळींमधली एक जागा होती, तिकडं आम्हा पोरांना जायला बंदी, आणि तिला सगळी मोठी माणसं मसणवटा म्हणायची, ते कानावर पडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा तर जागेचा शब्द आहे. आता तिथं पत्र्याची शेड झालीय, "स्मशानभूमी" असा बोर्ड लागलाय, आणि आमच्या पुतण्याला मसणवटा म्हणजे काय विचारलं तर त्याला नीट सांगता आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ लोकांच्या तोंडात राहिलेला शब्द आहे हा, आणि त्याच्या पोटात मेलेल्या माणसाला विसावा देणारी जागा असा अर्थ दडलेला असण्याची दाट शक्यता आहे, शिवी नंतर चिकटलीय.

म्हणून ठरवलं की हा शब्द मी कसा शोधत गेलो ते सगळं लिहायचं, म्हणजे तुम्हालाही तुमच्या गावच्या अशा एखाद्या शब्दाचा माग काढता येईल. भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, मोबाईल, वही आणि थोडा धीर एवढं पुरतं.

सुरुवात कोशापासून करू नका, हे आधी सांगतो. आधी ऐका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तो शब्द कशाकशात येतो ते लिहून घ्या. मसणाचंच घ्या, "मसणात जा" ही शिवी, "आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या आता" हे म्हाताऱ्या माणसांचं बोलणं (म्हणजे आमचं वय झालं, सरपण आधीच तिकडं पोचलंय), मसन्या ऊद नावाचं रात्री फिरणारं जनावर जे मढी उकरतं अशी लोकांची समजूत, मसणजोगी ही भटकी जमात, आणि मसणू हे माणसाचं नाव. हे नाव ऐकून शहरातली लोकं दचकतात, पण पोरं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू, मसणू अशी नावं ठेवायचे, दृष्ट लागू नये, मरणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्या आईच्या काळजातली भीती ह्या एका नावात अजून दिसते. एवढं गोळा झालं की एक गोष्ट आपोआप लक्षात येते, बोलण्यात सगळीकडं "मसण" आहे, "स्मशान" कुठंच नाही. स्मशान बोर्डावर, पेपरात आणि भाषणात. एकाच शब्दाची ही दोन रूपं, एक पुस्तकातून आलेलं आणि एक पायी चालत आलेलं, आणि मूळ शोधायचं तर पायी चालत आलेल्याच्या मागं जायचं असतं.

मग कोश. मोल्सवर्थचा मराठी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीच्या साईटवर फुकट आहे, देवनागरीत टाईप करून सर्च करता येतं. तिथंच टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश पण आहे. ह्याशिवाय दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश, हे मोठ्या लायब्ररीत मिळतात. एकच कोश बघून थांबू नका, मोल्सवर्थ तुम्हाला सांगेल दोनशे वर्षांपूर्वी लोक तो शब्द कसा वापरत होते, टर्नर सांगेल तो कुठल्या शब्दाचा नातू आहे, ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून घोळ घालतात. टर्नरमध्ये रोमन लिपीत शोधावं लागतं, सुरुवातीला जरा वैताग येतो, पण मराठी शब्द सापडला की वर मूळ संस्कृत आणि बाजूला हिंदी, गुजराती, नेपाळी असे सगळे भाऊबंद एका ओळीत उभे दिसतात.

आता मूळ शब्द श्मशान. इथं लोक विचारतात की श्मशानचा श्म गेला कुठं, मसण कसं झालं? तर आवाज कसे बदलतात हे बघायला त्याच साच्यातला दुसरा एक शब्द शोधायचा, ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. श्म ने सुरू होणारा दुसरा शब्द कुठला? श्मश्रु, म्हणजे दाढीमिशी. आणि आपल्या मिशीचं मूळ तेच, मिसरूड पण तिथलंच. म्हणजे श्मश्रुचा पहिला श गळून मिशी उरली, तसाच श्मशानचा पहिला श गळून मसण उरलं. मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा वहीवर बोट ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो, कारण हे माझ्या मनाचं नाही हे मागाहून कळलं, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाच्या जैन पंडिताने प्राकृताचं (संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या जुन्या बोलभाषेचं) व्याकरण लिहिलं त्यात नेमका ह्याच दोन शब्दांसाठी एक नियम आहे, "आदेः श्मश्रुश्मशाने", म्हणजे ह्या दोन शब्दांतलं सुरुवातीचं अक्षर गळतं, आणि उदाहरण दिलंय मासू, मंसू, मस्सू आणि मसाणं. त्याच्या आठव्या अध्यायात दुसऱ्या पादात ८६ वं सूत्र आहे, स्वतः उघडून बघा. जैन आगमांच्या जुन्या भाषेत सुसाण आणि सीआण अशीही रूपं आहेत हे पण तो तिथंच सांगतो. न चा ण होणं ही प्राकृताची सवय, ती मराठीने धरून ठेवली, हिंदीने सोडली, म्हणून तिकडं मसान आणि आपल्याकडं मसण.

शेपटीला जो "वटा" आहे त्याच्यासाठी संस्कृतातला श्मशानवाट हा शब्द बघा, तिथं वाट म्हणजे रस्ता नव्हे, कुंपण घालून राखलेली जागा. वाटिका आणि वाडा ह्या शब्दांच्या घराण्यातला. मसणवटा म्हणजे मसणाची राखून ठेवलेली जागा हा अर्थ तिथं चपखल बसतो.

शेजारच्या भाषा जरूर विचारा, मित्रांना फोन करा. गुजरातीत मसाण, बंगालीत मशान, कानडीत मसण, अगदी आपल्यासारखंच. तमिळमध्ये मयानम्, हे ऐकायला लांबचं वाटतं पण प्राकृत मसाणच तिथं जाऊन मयानम् झालंय. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, सुसान, आणि तिथून सोसानिक, म्हणजे जे भिक्खू स्मशानातच राहायचं व्रत घेतात ते. राजगृहाजवळचं सीतवन ही अशीच मढी टाकायची जागा होती आणि अनाथपिंडिक ह्या श्रीमंत व्यापाऱ्याची आणि बुद्धाची पहिली भेट तिथं झाली असं पाली ग्रंथांत आहे. म्हणजे हा शब्द नुसता भीतीचा नव्हता, तिथं लोक शिकायला जात होते.

आता मूळ अर्थाकडं येऊ, आणि इथं घाई करू नका, हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

जुन्या शब्दांची फोड जुन्या लोकांनी पण केलेली असते. ती वाचायची, पण प्रत्येक फोड कशासाठी केलीय ते ओळखून वाचायची. यास्काच्या निरुक्तात (वेदांतल्या अवघड शब्दांची फोड करणारा जुना ग्रंथ) तिसऱ्या अध्यायात येतं, श्मशान म्हणजे श्मशयन, श्म म्हणजे शरीर, म्हणजे शरीराची निजायची जागा. आणि गंमत बघा, तिथंच लगोलग तो श्मश्रुचीही फोड करतो, जे शरीराला धरून राहतं ते. मिशी आणि मसण दोघं यास्काकडं पण शेजारी शेजारीच! शतपथ ब्राह्मणात, म्हणजे यज्ञविधी समजावणाऱ्या वैदिक ग्रंथात, १३ व्या कांडात वेगळंच सांगितलंय, श्मशान म्हणजे शवान्न, शवांचं अन्न, आणि श्मशा नावाचे पितरांमधले खाणारे असतात त्यांच्यावरून हे नाव. ही फोड विधीचा अर्थ लावायला केलेली आहे, आवाजाच्या नियमात ती बसत नाही, तरी फेकून द्यायची नाही, कारण त्या काळी माणसं त्या जागेकडं कसं बघत होती ते त्यातून कळतं. आणि तिसरी फोड अलीकडची, मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात आहे, अश्म-शयन, अश्म म्हणजे दगड, दगडाचं अंथरूण, आणि यास्कापेक्षा ही जास्त शक्य आहे असं तो म्हणतो. मलाही हीच जवळची वाटते, कारण श्म म्हणजे शरीर हा शब्द अशा फोडींच्या बाहेर वापरात दिसत नाही आणि अश्म मात्र सगळीकडं आहे, सुरुवातीचा अ गळणं पण अवघड नाही. पण यास्क आणि मोनियर-विल्यम्स दोघांच्याही फोडीत "शयन" आहे हे बघा. अंथरूण दगडाचं असो की नसो, निजणं दोघांनाही दिसलं.

आणि हे निजणं फक्त आपल्याकडं नाही. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर ख्रिस्ती दफनभूमीसाठी सेमितेरियु हा शब्द आला, इंग्रजीतून आपल्याकडं सिमेट्री आला, दोघांचं मूळ ग्रीक कोइमेतेरिऑन, त्याचा अर्थ झोपायची जागा. कब्रस्तान मात्र सरळ आहे, अरबी कब्र आणि फारसी स्तान म्हणजे ठिकाण. मुंबईत जुन्या लोकांच्या बोलण्यात "सोनापूर" येतं, तेही स्मशानाचंच नाव, आणि सोना म्हणजे हिंदीतलं झोपणं असं सांगणारे लोक तुम्हाला भेटतील, ऐकून घ्या, लिहून ठेवा, पण वहीत "लोक असं सांगतात" ह्या कप्प्यात ठेवा, सिद्ध झालेल्या कप्प्यात नको.

मग तुम्ही म्हणाल स्मशान म्हणजे तर जाळायची जागा, तिथं निजणं कसलं? मलाही हाच प्रश्न पडला होता. ह्याला उत्तर म्हणजे अर्थ कोशातून नाही तर जुन्या वापरातून काढायचा. शतपथ ब्राह्मणात श्मशान म्हणजे चिता नाहीच, दहन झाल्यावर उरलेल्या अस्थींवर रचलेला मातीचा उंचवटा म्हणजे श्मशान. तो लगेच करायचा नाही, बराच काळ जाऊ द्यायचा. गावातून दिसणार नाही अशा जागी करायचा, भोवती दगड लावायचे, देवांच्या बाजूचे लोक तो चौकोनी करतात आणि असुरांच्या बाजूचे आणि पूर्वेकडचे लोक गोल करतात, असा सगळा तपशील आहे. म्हणजे पुरणं आणि जाळणं दोन्ही त्या एका शब्दात होतं. अथर्ववेदात तर (५.३१) विहिरीत टाकलेली किंवा श्मशानात पुरून ठेवलेली करणी परतवायचा मंत्र आहे, आजही गावाकडं लोक मसणात काहीतरी पुरलंय म्हणून घाबरतात, ती भीती केवढी जुनी आहे बघा. ऋग्वेदात श्मशान हा शब्द सापडत नाही पण पुरण्याचं सूक्त आहे, १० व्या मंडलातलं १८ वं, त्यात भूमीला म्हटलंय की आई पदराने लेकराला झाकते तसं ह्याला झाक. हे वाचल्यावर "मसणात जा" ही शिवी माझ्या कानाला वेगळी लागायला लागली.

त्याच शतपथात उंचवट्याची उंची पण वर्णाप्रमाणे दिलीय, क्षत्रियाचा हात वर केलेल्या माणसाएवढा, ब्राह्मणाचा तोंडापर्यंत, बाईचा कमरेपर्यंत, वैश्याचा मांडीपर्यंत, शूद्राचा गुडघ्यापर्यंत. हे लपवून शब्दाचं कौतुक करता येणार नाही. आपल्या गावांत आजही जातीजातींचे वेगळे मसणवटे आहेत, कुठं रस्ता अडवलेला आहे, कुठं शेडच नाही, आणि ज्या महार समाजाकडं गावकीत मयताची खबर परगावी पोचवायचं काम लादलं होतं त्यांचीच जागा सगळ्यात खाली, पाण्यात जाणारी. शब्द शोधायला जाल तेव्हा हे दिसेलच, नजर फिरवू नका, तेही वहीत लिहा.

पुरायची रीत आपल्याकडं किती जुनी हे बघायचं तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाण काळातली माणसं तिथं राहत होती आणि ती आपल्या मेलेल्या लेकरांना घराच्या जमिनीतच पुरायची, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्याच्या आत. मोठ्या माणसांना उत्तर-दक्षिण निजवायचे आणि घोट्याखालची पावलं तोडायचे. एकाला तर चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेलं सापडलं. आणि विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफनं, माहुरझरीला तर तांब्याच्या दागिन्यांसकट पुरलेले घोडे निघाले. ती माणसं आपल्या जागेला काय म्हणायची ते दगड सांगत नाहीत, त्यामुळे दगडांचं वर्तुळ दिसलं की लगेच "हेच ते अश्मशयन" असं जोडून टाकू नका. शब्दाचा पुरावा वेगळा, दगडाचा वेगळा, दोन्ही एका पानावर लिहा पण मध्ये रेघ मारा.

ह्याच्यावरून फसव्या शब्दांचं सांगतो, कारण इथं सगळे घसरतात, मीही घसरलोय. म्हसोबा आणि मसण सारखे ऐकू येतात, म्हसोबाचं ठाणं बऱ्याचदा शिवेवर, मसणाजवळ पण असतं, म्हणून मी बरीच वर्षं म्हसोबा म्हणजे मसणोबा असंच धरून चाललो होतो. पण म्हसोबाचं नातं म्हशीशी, महिषाशी आहे, तो "म्ह" नीट कान देऊन ऐका, मसणात तो नाही. मसाला आणि मशाल तर अरबीतून फारसीमार्गे आलेत, त्यांचा काही संबंध नाही. नियम एवढाच, अर्थ जुळला म्हणून किंवा आवाज जुळला म्हणून नातं धरायचं नाही, दोन्ही जुळले पाहिजेत आणि वर सांगितलं तसा मिशीसारखा त्याच साच्यातला दुसरा शब्द दाखवता आला पाहिजे.

शेवटी गावात जा. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशा साईटवर गट नंबर बघता येतात, त्यात स्मशानभूमी किंवा दफनभूमी म्हणून नोंद असेल तर गट नंबर लिहून घ्या आणि मग माणसांना विचारा की ह्या जागेला तुम्ही काय म्हणता. एकालाच विचारू नका, प्रत्येक समाजाला वेगळं विचारा, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आणि शब्द पण वेगळा. लिंगायत घरात रुद्रभूमी ऐकाल, ते मृतदेह बसवून पुरतात. गोसाव्यांकडं समाधी म्हणतील. जे समाज जाळतात त्यांच्यातही तान्ही लेकरं पुरतात आणि त्या जागेला काही ठिकाणी वेगळं नाव असतं, ते नाव फक्त बायकांना माहीत असतं, म्हणून बायकांना विचारायला विसरू नका, पण ज्या घरात नुकतं दुःख झालंय तिथं जाऊ नका. मसणजोग्यांकडं गेलात तर आधी त्यांचं चहापाणी घ्या, त्यांचं ऐका, मग प्रश्न. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, आणि शब्द तुम्ही सुचवू नका, "ह्याला मसणवटा म्हणतात ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो, त्यापेक्षा "माणूस गेला की कुठं नेता?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आमच्या गावात मी असंच विचारलं तेव्हा एका आजीनं ओढ्याकडं हात केला आणि म्हणाली, "तिकडं वटीत." मसण हा शब्दच तिनं गाळला, नुसती वट उरली. ती नोंद मी तारीख, गाव आणि आजींचं अंदाजे वय घालून ठेवलीय, तुमच्या भागात कुणी असं नुसतं वट किंवा वटी म्हणत असेल तर तुम्हीही तशीच लिहून ठेवा.